शाळेतून सतत तक्रारी येणाऱ्या मुलाला मदत कशी करावी?

‘वर्गात लक्ष नसते’, ‘जागेवर बसत नाही’, ‘शेजारच्या मुलांना ढकलतो’ असे शेरे वहीत वारंवार येऊ लागले की बहुतेक पालक मुलाला समोर बसवून समजावतात. मूल ऐकते, मान डोलावते, पुन्हा तसे करणार नाही असे मनापासून कबूल करते, आणि दुसऱ्या दिवशी तोच शेरा घेऊन परत येते. ते मुद्दाम वागत आहे असा निष्कर्ष यातून काढला जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. नियम काय आहे हे मुलाला पक्के ठाऊक असते. त्या नेमक्या क्षणी तो आठवणे आणि स्वतःला आवरणे त्याला जमत नाही. म्हणून संध्याकाळी घरी केलेल्या उपदेशाचा सकाळच्या गणिताच्या तासाला फारसा उपयोग होत नाही. मदत त्या तासाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी ती लागू पडते, आणि पुढील सर्व पायऱ्या याच हेतूने सांगितल्या आहेत.

पहिली पायरी: दोन आठवडे केवळ नोंद ठेवा

शाळेतून तक्रार आली की त्या प्रसंगाच्या आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर काय झाले, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. ‘उद्धटपणा केला’ ही नोंद कामाची नाही. ‘फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितल्यावर पेन्सिल फेकली, म्हणून वर्गाबाहेर उभे केले’ ही नोंद कामाची आहे. अशा नोंदी साठल्या की त्यांतून एखादा क्रम दिसू लागतो. वरच्यासारखे प्रसंग लेखनाच्याच वेळी घडत असतील, तर वर्गाबाहेर जाणे ही त्या मुलासाठी शिक्षा राहिलेली नसून नको असलेल्या कामातून सुटका झालेली असते, आणि मग विचार वर्तनापेक्षा लेखनातील अडचणीचा आधी करावा लागतो. मधल्या सुट्टीनंतरचा तास, शिक्षक बदलण्याची मधली पाच मिनिटे, रांगेतले थांबणे याही नेहमीच्या अडचणीच्या जागा आहेत.

दुसरी पायरी: इतर कारणे तपासून घ्या

अशा वागण्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणारा अवधानाचा विकार, असू शकतो; पण तसे मानण्याआधी इतर कारणे पाहावीत. कान आणि डोळे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. रात्री घोरणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची झोप नीट होत नसते आणि झोप न झालेले लहान मूल पेंगण्याऐवजी अनेकदा अधिकच चळवळे आणि चिडचिडे होते. क्षणभर शून्यात पाहत राहणारे आणि हाक मारूनही भानावर न येणारे मूल असेल तर फिटचा एक सौम्य दिसणारा प्रकार नाही ना, हे डॉक्टरांना विचारावे. वाचन-लेखनातील अक्षमता, चिंता, घरातील ताण, वर्गातील मुलांकडून होणारा छळ यांमुळेही लक्ष उडते. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांवर अवधानाच्या विकाराचा शिक्का अधिक प्रमाणात बसतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे मुलाची जन्मतारीखही ध्यानात घ्यावी.

तिसरी पायरी: तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घ्या

अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, आहे किंवा नाही हे रक्ताच्या तपासणीतून अथवा मेंदूच्या छायाचित्रातून ठरत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ घरची व शाळेची माहिती एकत्र करून ते ठरवतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-5 या निदान-पुस्तिकेत अनवधानाची 9 आणि अतिचंचलता-उतावळेपणाची 9 लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये यांपैकी एका गटातील किमान 6 लक्षणे 6 महिने टिकलेली असावी लागतात, काही लक्षणे 12 वर्षांच्या आधीपासून आणि घर-शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांमुळे मुलाच्या दैनंदिन जगण्यात खरोखर अडथळा येत असावा लागतो. पहिल्या पायरीतील वही येथे फार उपयोगी पडते. शांतपणे खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या, कोणालाही त्रास न देणाऱ्या मुलांकडे, विशेषतः मुलींकडे, वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते याची मला फार खंत वाटते.

चौथी पायरी: वर्गशिक्षकांशी बोला

भेट तक्रारीच्या दिवशी न घेता शांत दिवशी, वेळ ठरवून घ्यावी. मुलाला काय जमते, कशाने अडते आणि घरी काय लागू पडते, हे एका पानावर लिहून न्यावे. संपूर्ण वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांना दहा गोष्टी सुचवल्या तर एकही होत नाही, म्हणून पुढीलपैकी दोन-तीनच मागाव्यात: दारा-खिडकीपासून दूर आणि शिक्षकांच्या जवळची जागा, एका वेळी एकच सूचना, मोठ्या कामाचे लहान भाग, वह्या वाटण्यासारखे उठून करण्याचे काम. मधली सुट्टी काढून घेण्याची शिक्षा मात्र करू नये, अशी विनंती स्पष्ट शब्दांत करावी, कारण ज्या मुलाला हालचालीची सर्वाधिक गरज असते त्याचीच हालचाल तिने बंद होते.

पाचवी पायरी: रोजचे कार्ड सुरू करा

माझ्या मते सर्वाधिक कष्ट याच पायरीवर घ्यावेत, कारण शाळेतला क्षण आणि घरचे प्रोत्साहन यांना ती थेट जोडते. एका लहान कार्डावर जास्तीत जास्त तीन उद्दिष्टे लिहावीत. ‘दंगा करू नये’ असे न लिहिता ‘बोलण्यापूर्वी हात वर केला’, ‘दिलेल्या वेळेत निम्मी उदाहरणे सोडवली’ असे, म्हणजे डोळ्यांना दिसेल आणि मोजता येईल असे लिहावे. प्रत्येक तासाच्या शेवटी शिक्षकांनी केवळ खूण करावी. त्याला काही क्षणच लागतात.

उद्दिष्टाची पातळी ठरवताना पालक हमखास घाई करतात. मूल आज एका तासात दहा वेळा मध्येच बोलत असेल, तर ‘एकदाही नाही’ हे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी मोडते आणि कार्ड दप्तराच्या तळाशी जाते. ‘सातपेक्षा जास्त नाही’ येथून सुरुवात करावी, बहुतेक दिवस ते साधू लागले की पाचावर आणावे. बक्षीस त्याच संध्याकाळी मिळावे आणि ते महाग नसावे: आवडता खेळ सोबत खेळणे, झोपताना एक गोष्ट जास्त. तेच बक्षीस काही आठवड्यांनी फिके पडते, तेव्हा मुलाला विचारून बदलावे. खुणा कमी मिळालेल्या दिवशी बक्षीस मिळत नाही, एवढाच परिणाम पुरे. त्यावर रागावणे नको, नाहीतर कार्ड वाटेत हरवू लागते.

सहावी पायरी: घरचे वेळापत्रक आणि औषधांचा विचार

गृहपाठ दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, रोज एकाच जागी घ्यावा. दप्तर रात्रीच भरावे. सूचना दुसऱ्या खोलीतून न ओरडता जवळ जाऊन द्यावी. ‘शहाणा आहेस’ यापेक्षा ‘सांगितल्याबरोबर वही काढलीस’ हे कौतुक मुलाला अधिक काही शिकवते.

एडीएचडीच्या औषधांबद्दल पालकांच्या मनात असणारी भीती समजण्यासारखी आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 4 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावे, तर 6 वर्षांपुढे औषध आणि वर्तनोपचार या दोहोंची जोड द्यावी. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी भूक मंदावू शकते आणि झोप लागायला उशीर होऊ शकतो, म्हणून वजन, उंची व रक्तदाब नियमित तपासावे लागतात. मात्रा स्वतःहून बदलू नये.

प्रगती दिसल्यावर कार्ड एकदम बंद न करता रोजच्याऐवजी आठवड्याचे करावे. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच नव्या शिक्षकांना चौथ्या पायरीतील ते एक पान सुधारून द्यावे आणि ते लिहिताना ‘वर्गात तुला कशाची मदत होते?’ असे मुलाला विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत सर्वांत वर लिहावे.