सावळ्या त्वचेवर फिलर घेताना

फिलर म्हणजे ओठ, गाल भरीव दिसावेत म्हणून त्वचेखाली टोचला जाणारा पदार्थ. तो चुकून रक्तवाहिनीत गेला की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. गोऱ्या कातडीवर अशी जागा पांढरीफटक पडते, मग जांभळट जाळी उमटते. सावळ्या त्वचेवर तोच बदल राखाडी किंवा मातकट दिसतो, कधी नजरेला कळतही नाही. फिलरमध्ये बहुधा भुलीचं लिडोकेन असतं, त्यामुळे दुखणंही दबतं. म्हणून बोटाने तपासायला शिका. संशयित जागा 5 सेकंद दाबा, सोडा आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते मोजा. मग दुसऱ्या गालावर नेमकी तीच जागा दाबून तुलना करा. 3 सेकंदांहून जास्त लागले तर तातडीने डॉक्टरांना दाखवा. ओठांचं असेल तर ओठ उलटून आतली ओली त्वचा पाहा, तिथे रंग स्पष्ट कळतो. अशा वेळी बर्फ लावू नका, रक्तवाहिन्या आणखी आकसतात. नजर अंधुक झाली किंवा डोळा दुखू लागला तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा.

हायल्युरोनिक अ‍ॅसिडचाच फिलर घ्या, कारण तो हायल्युरोनिडेजच्या इंजेक्शनने विरघळवता येतो. सिलिकॉनसारखे कायमचे फिलर तसे विरघळत नाहीत. हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता हजर आहे का, हे आधी विचारा. 'मागवू' असं उत्तर आलं तर तिथे फिलर घेऊ नका. सिरिंजचं सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडू द्या. बॅच नंबर आणि मुदत टिपून ठेवा. सुईविना दाबाने फिलर सोडणारी पेनं नकोच.

दुसरी काळजी डागांची. टोचलं की सूज येते आणि सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी त्या सुजेला जास्तीचं मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) बनवून उत्तर देतात. राहणारा तपकिरी ठिपका जायला महिने लागतात. म्हणून टोचा जितक्या कमी तितकं बरं. बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, एकाच छिद्रातून बराच भाग भरते, त्यामुळे जिथे जमेल तिथे डॉक्टरांकडे तिचाच आग्रह धरा. फिलर हळूहळू, थोडा थोडा सोडायला हवा. जोराने ढकलला की सूज वाढते आणि रक्तवाहिनीचा धोकाही. चेहऱ्यावर पिकलेले मुरूम किंवा ओठावर नागीण असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा. कान टोचल्यावर किंवा छाती-खांद्यावरच्या जखमेनंतर केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढणारा जाड वण, उठला असेल तर तो डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका.

त्या दिवशी मेकअप नको, चोळणं नको. पुढचे काही आठवडे आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, लावा. डाग नुसत्या उन्हाच्या अतिनील किरणांनी नव्हे, दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही.