गोव्यातल्या घरचा पाडवा: गुढी, कणंगांची खीर आणि वर्षाची वही

एकतीस डिसेंबरच्या रात्री गल्लीतल्या पोरांनी ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळलेला असतो, जानेवारीची कॅलेंडरे भिंतीवर चढलेली असतात. तरीही घराचे वर्ष बदलते ते संवसार पाडव्यालाच, म्हणजे गुढीपाडव्याला. आमच्या मते त्या दिवशीची तीन कामे नीट व्हायला हवीत: गुढी, स्वयंपाक आणि पंचांग उघडून घरच्यांनी एकत्र बसणे. पहिली दोन सगळे करतात. तिसरे हल्ली मागे पडते, म्हणून त्याबद्दल इथे जरा जास्त लिहिले आहे.

आधी दिवस पक्का करा. चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या दिवशी सूर्योदयाला असते तो पाडवा, हा साधा नियम. कधी कधी प्रतिपदेचा क्षय होतो आणि ती कुठल्याच सूर्योदयाला सापडत नाही. अशा वेळी पहिला दिवस धरतात. २०२६ साली तसेच झाले: १९ मार्चला सूर्य उगवला तेव्हा अमावास्या होती, ती सात वाजायच्या थोडी आधी संपली आणि २० तारखेचा सूर्योदय होण्यापूर्वी प्रतिपदाही संपली. म्हणून पाडवा १९ मार्चला. २०२७ चा ७ एप्रिलला आहे, त्यात असा घोळ नाही. मोबाइलवर पाहत असाल तर गाव पणजी निवडलेले आहे ना ते तपासा. बरीच अॅप दिल्ली किंवा उज्जैनचा सूर्योदय धरून बसलेली असतात. पाडवा साडेतीन मुहूर्तांतला असल्याने वेगळा मुहूर्त शोधत बसायची गरज नाही. गुढी सकाळी लवकर उभी राहिली म्हणजे झाले.

आदल्या दिवशी

काठीसाठी माणगा जातीचा बांबू मिळाला तर उत्तम. तो जवळपास भरीव असतो, काटे नसतात आणि वाऱ्यात वाकत नाही. अंगणासाठी दहा ते बारा फूट, फ्लॅटच्या बाल्कनीसाठी सहा-सात फूट पुरे. काठी घेताना तांब्या बरोबर न्या किंवा त्याच्या तोंडाचे माप घ्या. काठीचे टोक तांब्यात निदान चार बोटे आत जायला हवे. टोक बारीक असेल तर तांब्या हलत राहतो आणि दुपारी वारा सुटला की खणखणाट सुरू होतो. टोकाला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली की तो घट्ट बसतो. काठी आदल्या संध्याकाळीच धुऊन, पुसून, हळद लावून ठेवा. सकाळी ओली काठी बांधायला घेतली तर गाठी सरकतात आणि रेशमावर डाग पडतात.

तांब्या घासायला बिंबलांसारखे (ही आंबट हिरवी फळे) दुसरे काही नाही. दोन-तीन चिरून मिठाबरोबर चोळली की पाच मिनिटांत चकाकी येते. बिंबले नसतील तर चिंच-मीठ किंवा सार काढून उरलेली सोलां (कोकमाची वाळवलेली साले) चालतात. आंबट लावल्यावर भांडे लगेच धुऊन कोरडे करा. तसेच ठेवले तर सकाळपर्यंत त्यावर हिरवट झाक येते. चांदीच्या तांब्याला मात्र हे काहीच लावू नका.

कडुनिंबाकडे लक्ष द्या. ते कोरड्या मुलखाचे झाड, आपल्या पावसात फारसे पसरत नाही. त्यामुळे बहुतेकांना म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या बाजारातून डहाळी आणावी लागते आणि त्यात कधी कधी बकाणनिंब गळ्यात पडतो. ओळख सोपी आहे. कडुनिंबाच्या एका लांब देठावर दोन्ही बाजूंना सरळ पाने येतात, करवतीसारख्या कडांची आणि किंचित वाकडी. बकाणनिंबाचा देठ पुन्हा फुटतो आणि त्या छोट्या फाट्यांवर पाने असतात. बकाणनिंबाची फळे विषारी असतात, तेव्हा तो ना गुढीला लावा ना पोटात घ्या. डहाळी घेताना तांबूस कोवळी पालवी आणि पांढरा मोहोर असलेली निवडा. आणल्यावर देठ पाण्यात बुडवून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेली पाने सकाळी काळी पडतात.

तोरणाला आंब्याची जून, गडद पाने घ्या. कोवळी तांबडी पाने दिसायला छान, पण अकरा वाजेपर्यंत मान टाकतात.

गुढी बांधताना

क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक वस्तू आधीच्या गाठीवर बसते. आधी वस्त्र. खण असेल तर सोपे. साडी असेल तर वीतभर रुंदीच्या निऱ्या करून, टोकापासून आठ-दहा इंच खाली, सुती सुतळीने तीन वेढे देऊन आवळा. नायलॉनची दोरी रेशमावर धरत नाही. दिसायला गाठ पक्की असते आणि तासाभरात वस्त्र हातभर खाली घसरलेले असते. साडी पूर्ण उलगडून सोडू नका, तिचे शीड होते आणि काठी फिरते. निऱ्यांच्या खालच्या बाजूला सेफ्टी पिन लावून घडी धरून ठेवा. जरीची, आजीच्या वेळची साडी लावायचा मोह होतो, पण दिवसभराच्या उन्हात तिचा रंग उतरतो. नवा खण बरा.

त्यावर कडुनिंबाची आणि आंब्याची डहाळी, मग साखरेची गाठी, मग फुलांचा हार. सगळ्यात शेवटी तांब्या पालथा घाला. त्याच्या कडेने सगळ्या गाठी झाकल्या जातात आणि दाबल्याही जातात. तांब्यावर कुंकवाची बोटे आणि स्वस्तिक आधीच काढून ठेवावे, वर चढवल्यावर हात पोचत नाही. साखरेची गाठी प्लास्टिकमधून सकाळीच काढा. आपल्या दमट हवेत ती रात्रभर उघडी राहिली तर चिकट होते आणि मुंग्या सकाळपर्यंत घर शोधून काढतात. सत्तरी-सांगे भागात माकडांचा त्रास असेल तर गुढीला साखरेचे दोन-तीनच पदक बांधा आणि बाकीची माळ देवापुढे ठेवा.

जागा घरातून बाहेर पाहताना दाराच्या उजव्या हाताला. खाली सारवण किंवा रांगोळी, त्यावर पाट, पाटावर काठीचा पाय. काठी खांबाला किंवा कठड्याला दोन ठिकाणी बांधा आणि त्या दोन गाठींत किमान दोन फुटांचे अंतर ठेवा. एकाच ठिकाणी बांधलेली गुढी त्या गाठीभोवती गिरक्या घेते, आणि दुपारी समुद्राकडून वारा येऊ लागला की पहिली तीच आडवी होते. बाल्कनीत कठडा काचेचा असेल तर वाळू भरलेली बादली वापरा. ती पाटाच्या मागे ठेवून काठी तिला बांधा. अंगणातून विजेच्या तारा जात असतील तर गुढी त्यांच्यापासून काठीच्या उंचीपेक्षाही लांब उभी करा. वर धातूचा तांब्या आहे आणि काठी पडली तर कुठे पडेल, हे आधी बघायचे असते.

पूजा थोडक्यात: हळदकुंकू, अक्षता, फूल, ‘ॐ ब्रह्मध्वजाय नमः’ म्हणून नमस्कार, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य.

कडुनिंब आणि खीर

पूजेनंतर कडुनिंब. पाच माणसांसाठी पंधरा-वीस कोवळी पाने, चमचाभर मोहोर, सुपारीएवढी चिंच, तिच्या दुप्पट गूळ, पाव चमचा ओवा, दोन-तीन मिरी, चिमूटभर हिंग आणि मीठ. पाणी न घालता वाटा. प्रत्येकाला अर्धा चमचा पुरे. मिक्सरमध्ये पातळ केले तर कडवटपणा पूर्ण जिभेवर पसरतो आणि मुले पुढच्या वर्षी पळून जातात. पाट्यावर भरड वाटून चण्याएवढ्या गोळ्या केल्या की गिळायला सोपे. तान्ह्या बाळांना आणि गरोदर स्त्रियांना देऊ नका.

पाडव्याची आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे कणंगांची, म्हणजे रताळ्यांची खीर. सहा जणांसाठी अर्धा किलो रताळी, एक मोठा नारळ, दोनशे ग्रॅम गूळ आणि तीन टेबलचमचे तांदूळ. तांदूळ दोन तास भिजवून अगदी मऊ वाटा. नारळाचा पहिला घट्ट रस वाटीभर काढून बाजूला ठेवा, त्याच चोथ्याचा दुसरा आणि तिसरा रस मिळून तीन वाट्या घ्या. रताळी सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात. पातळ रसात चिमूटभर मीठ घालून तुकडे शिजवा. दहा-बारा मिनिटे लागतात. सुरी आरपार गेली पाहिजे, पण तुकडा फुटता कामा नये. मग तांदळाचे वाटण सोडून पाच मिनिटे सतत ढवळा. गूळ यानंतरच. आधी घातला तर रताळी तशीच टणक राहतात, मग कितीही शिजवा. माडाचा गूळ घेत असाल तर थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात हमखास कचकच असते. उसाचा आणि माडाचा निम्मा-निम्मा घेतला तर रंग आणि चव दोन्ही जमतात. शेवटी आच बंद करून घट्ट रस घाला आणि फक्त गरम होईपर्यंत पुन्हा मंद आचेवर ठेवा. गुळाच्या आंबटपणामुळे उकळी आली की रस फाटतो आणि खीर चोथट दिसते. सुगंधाला वेलची. हळदीचे पान कुणी सुचवेल, पण चैत्रात ते हिरवे मिळत नाही.

बाकी जेवणात ओल्या काजूबियांची भाजी हवीच. हा त्यांचाच हंगाम आहे. सोलताना हाताला खोबरेल लावा, सालीतल्या तेलाने कातडी जळते.

दुपारी: पंचांग आणि वही

बऱ्याच गावांत देवळात भटजी संवत्सरफल वाचतात. ते ऐकावेच. पण घरात स्वतःचे पंचांगवाचन वेगळे, त्याला पाऊण तास आणि एक जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही लागते. सुटी पाने नकोत, दोन वर्षांत हरवतात.

पहिल्या पानावर शके, संवत्सराचे नाव, इंग्रजी तारीख आणि हजर असलेल्यांची नावे. संवत्सर मुलांकडून काढून घ्या: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितक्या क्रमांकाचे नाव. १९४८ मध्ये १२ मिळवले की १९६०, बाकी ४०, चाळिसावा पराभव. १९४९ चा प्लवंग.

मग तिथ्यांच्या तारखा लिहा. आपल्या घरांत अर्धे वर्ष तिथीवर चालते: मंगेशीची जत्रा माघ पौर्णिमेला, शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, वास्कोचा भजनी सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. त्यात घरची श्राद्धे, कुळदेवाची वारी, कुणाचा तिथीचा वाढदिवस. एका पानावर तीन रकाने करा: काय, तिथी, तारीख. परगावच्यांना याच पानाचा फोटो पाठवा, म्हणजे चवथीची (गणेश चतुर्थीची) रजा वेळेवर मागता येते. चवथ २०२५ ला २७ ऑगस्टला होती आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला, कारण शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिना असेल त्या वर्षी श्राद्धतिथी कुठल्या महिन्यात धरायची हे घरच्या पुरोहितांना त्याच आठवड्यात विचारून ठेवा.

इथली नेहमीची चूक: उत्तर भारतीय पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही. वद्य पक्षात मात्र त्यांचा वैशाख म्हणजे आपला चैत्र. अॅपवरून घेतलेली वद्यातली तिथी एक महिना चुकते ती अशी.

पुढचे पान घराचे. पावसाला जेमतेम दोन महिने असतात, म्हणून कौले फिरवणे, पन्हळी, विहीर आणि पुरुमेंत (पावसाळ्यासाठीची साठवण) यांची यादी इथेच होऊन जाते. मिरच्या, सोलां, चिंच, तांदूळ गेल्या वर्षी किती घेतले आणि किती उरले, हे लिहिलेले असले तर पुढच्या वर्षी बाजारात वाद होत नाहीत.

त्यानंतर प्रत्येकाला एक पान. विचारायचे तीनच: गेल्या वर्षात कोणते काम पुरे झाले, कोणते अर्धे राहिले आणि ते कशामुळे, येत्या वर्षी कुणासाठी वेळ काढायचा. उत्तरे पाच-सहा ओळींची, ज्याच्या त्याच्या अक्षरात. लिहिता न येणाऱ्या आजी-आजोबांनी सांगावे आणि नातवंडांनी त्यांच्याच शब्दांत, घरात बोलतो त्या कोकणीत, उतरवून घ्यावे. ‘तब्येत सांभाळणे’ असले संकल्प लिहू देऊ नका. त्यापेक्षा ‘चतुर्थीपर्यंत आतेकडे दोनदा जाऊन येणे’ हे लिहिले तर झाले की नाही ते कळते.

गेल्या वर्षीचे पान आधी वाचू नका. वाचले की माणूस तेच शब्द पुन्हा लिहितो किंवा सबबी देत बसतो. आधी नवे लिहा, मग जुने उघडा. मोठ्याने वाचायचे तर धाकट्यापासून सुरुवात, आणि दुसऱ्याच्या पानावर कुणी बोलायचे नाही. हा नियम मोडला आणि मुलांच्या पानावरून मार्कांचा विषय निघाला की वही तिथेच संपली समजा. ज्याला वाचायचे नसेल त्याने पान दुमडावे, ते कुणी उलगडू नये. ज्या घरी वर्षात कुणी गेले आहे, तिथे त्यांच्या नावाचे पान कोरे न सोडता प्रत्येकाने एक-एक ओळ लिहावी. सणाचा थाट नसला तरी हे करता येते.

गुढी सूर्यास्ताआधी उतरवा. हळदकुंकू, अक्षता आणि धने-गूळ दाखवून आधी तांब्या काढा, मग खालच्या गाठी सोडा. उलट केले तर तांब्या डोक्यात पडतो. वस्त्र लगेच घडी घालून कपाटात टाकू नका. दिवसभराची खारी हवा त्यात भरलेली असते, एक रात्र पंख्याखाली पसरून ठेवा. कडुनिंबाची पाने सावलीत पूर्ण वाळली की तांदळाच्या डब्यात, ओलसर गेली तर बुरशी येते. काठी पडवीच्या वाशांना आडवी बांधून ठेवावी, जमिनीवर वाळवी लागते.