खडकवासल्याचा बॉट आणि मॅस्टोडॉन.पाय: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खडकवासल्यातून मुठेत सोडायच्या पाण्याचा आकडा बदलला की मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर एक ओळ टाकायची, एवढंच काम करणारा बॉट मी पायथनमध्ये लिहिला होता. एका रात्री त्याने ‘विसर्ग वाढवला’ ही एकच बातमी पाठोपाठ तीनदा दिली. सकाळी सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या ओळखीच्या काकूंचा फोन. “अरे, पाणी एकदा वाढवलं का तीनदा? ह्यांनी पार्किंगमधली गाडी तिसऱ्या पोस्टला बाहेर काढली. पहिल्या दोन वेळा म्हणे, बघू, थांबेल.”

मी आधी लायब्ररीला शिव्या घातल्या. पण मॅस्टोडॉन.पाय, म्हणजे पायथनमधून मॅस्टोडॉनशी बोलणारी ती लायब्ररी, बिचारी सांगितलं तेवढंच करत होती.

झालं होतं असं. या लायब्ररीचा टाइमआउट, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघायची मुदत, मुळात ३०० सेकंदांचा असतो. नेट गेलं की स्क्रिप्ट पाच मिनिटं तोंड उघडत नाही, म्हणून मी तो १० सेकंदांवर आणला. वर हुशारी करून ‘एरर आली की पुन्हा पाठव’ असा लूप लावला. त्या रात्री सर्व्हर संथ होता. पोस्ट त्याने केव्हाच घेतली होती, फक्त ‘मिळाली’ हे कळवायला उशीर झाला. लूपला वाटलं, पोचलीच नाही. टाइमआउट आला म्हणजे काम झालं की नाही हे आपल्याला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी तो ‘झालं नाही’ असा लावला होता.

याच्यावर औषध तयार आहे. स्टेटस_पोस्ट या फंक्शनला आयडेम्पोटन्सी_की नावाचा पॅरामीटर देता येतो. की म्हणजे पोस्टची ओळखखूण. तीच की घेऊन पोस्ट पुन्हा आली तर सर्व्हर नवी बनवत नाही, आधीचीच परत देतो. ही की तो तासाभरापुरती लक्षात ठेवतो. मात्र लूपच्या आत दर खेपेला नवी रँडम की बनवलीत तर मुसळ केरात. मी आता विसर्गाचा आकडा आणि त्याची वेळ जोडून की बनवतो, म्हणजे बातमी तीच तर कीही तीच. शिवाय शेवटी काय पाठवलं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, कारण तासाभराने स्क्रिप्ट पुन्हा सुरू झाली तर सर्व्हर विसरलेला असतो.

याच्या उलट तक्रार म्हणजे ‘स्क्रिप्ट अडकली, एररही नाही’. बहुतेक वेळा ती अडकलेली नसते, थांबलेली असते. सर्व्हर साधारणपणे एका खात्याला पाच मिनिटांत ३०० रिक्वेस्ट (विचारणा) करू देतो. फोटो चढवायला अर्ध्या तासात ३० अशी वेगळी मर्यादा आहे. ती संपली की लायब्ररी मुळातच ‘वेट’वर, म्हणजे ‘थांबून राहा’वर, असल्याने गुपचूप झोपते. कोड लिहिताना रेटलिमिट_मेथड ही सेटिंग ‘थ्रो’ (एरर दे) करून ठेवा, म्हणजे बोंब तरी ऐकू येते. आणि दर दोन सेकंदांनी टाइमलाइन विचारत बसू नका, त्यासाठी स्ट्रीमिंग आहे, त्यात नवं काही आलं की सर्व्हर स्वतःच कळवतो.

कुठली पेठ?

सगळ्यात जास्त वेळ माझा इथे गेला, आणि नवीन लोकही इथेच हमखास धडपडतात. २०१६ साली ऑयगेन रोख्को याने सुरू केलेलं मॅस्टोडॉन ही एक साइट नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले असंख्य सर्व्हर, आणि एकमेकांशी बोलायला ॲक्टिव्हिटीपब हा २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस केलेला प्रोटोकॉल. आपली लायब्ररी बोलते ती यातल्या एकाच सर्व्हरशी.

पुण्यात नुसता घर क्रमांक सांगितला तर समोरचा विचारतो, कुठली पेठ? पोस्टच्या आयडीचं तेच. एकच पोस्ट माझ्या सर्व्हरवर एका आयडीने साठवलेली असते, तुमच्या सर्व्हरवर दुसऱ्याच. मित्राच्या ब्राउझरमधून आयडी उचलून आपल्या स्क्रिप्टला दिलात तर ‘सापडली नाही’ असं उत्तर येईल, किंवा नशीब फुटकं असेल तर भलत्याच कुणाची पोस्ट हाती लागेल. सगळीकडे सारखी राहते ती यूआरआय, म्हणजे पोस्टचा मूळ पत्ता. ती सर्च_व्ही२ या शोधायच्या फंक्शनला रिझॉल्व्ह चालू करून द्या, म्हणजे आपला सर्व्हर ती पोस्ट बाहेरून आणतो आणि आपल्याकडचा आयडी सांगतो.

खात्याच्या नावातही हीच मेख आहे. आपल्याच सर्व्हरवरच्या माणसाच्या ‘ॲक्ट’मध्ये (खात्याचं नाव असतं त्या रकान्यात) डोमेन, म्हणजे सर्व्हरचं नाव, नसतं, बाहेरच्याच्या असतं. मी ॲटच्या चिन्हावर तुकडे करून दुसरा तुकडा घ्यायचो. पहिल्या स्थानिक माणसाने उत्तर दिलं आणि स्क्रिप्ट आडवी.

हॅशटॅगचंही ऐका. #पुणे शोधलं की अख्ख्या जगातली पुण्याची चर्चा मिळत नाही. आपल्या सर्व्हरपर्यंत जे येऊन पोचलंय तेवढंच दिसतं. त्यावर ‘पुणेकर आज काय बोलतायत’ असा आलेख काढणं म्हणजे आपल्या गल्लीतल्या कट्ट्यावर बसून शहराचा निकाल सांगणं. डिलीटचीही खात्री धरू नका. आपला सर्व्हर बाकीच्यांना ‘काढून टाका’ असं कळवतो, पण पुढे ते त्यांच्या हातात. म्हणून प्रयोगाच्या पोस्ट वेगळ्या खात्यावरून करा.

विद्या आणि विद्

ही अडचण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. पोस्टची मर्यादा सहसा ५०० अक्षरांची. लांब मजकूर मी पहिले ५०० घेऊन कापायचो. पायथनच्या लेखी ‘मराठी’ हा शब्द पाच अक्षरांचा आहे, कारण तो काना आणि वेलांटी वेगळी मोजतो. मॅस्टोडॉन काना-वेलांटी अक्षरातच धरून मोजतं: म, रा, ठी, म्हणजे तीन. त्यामुळे मर्यादेत बसणारा मजकूर मी उगाच कापत होतो. कापही कुठे पडेल सांगता यायचं नाही. एकदा ‘विद्यापीठ’ होतं तिथे ‘विद्’ एवढंच उरलं, खाली पाय मोडलेला.

रिजेक्स नावाचं पायथन पॅकेज काना-वेलांटीसकट अक्षर ओळखून तुकडे करतं, ते वापरा आणि शक्यतो शब्दाच्या शेवटीच कापा. लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरांचीच धरली जाते, हे हिशेबात घ्या. वाचतानाचा घोळ वेगळाच: पोस्टचा ‘कंटेंट’ साधा मजकूर नसतो, एचटीएमएल असतं. टॅग नुसते उडवलेत तर दोन परिच्छेद एकमेकांना चिकटतात. आधी परिच्छेदांच्या जागी नवी ओळ घाला, मग टॅग काढा.

किरकोळ, पण अख्खा रविवार खाणाऱ्या

स्वतःच्या फाइलला मॅस्टोडॉन.पाय हे नाव देऊ नका. पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ असं काहीबाही बरळतो. मी हे केलंय. दोनदा.

आपल्या स्क्रिप्टची सर्व्हरवर नोंद करणारं क्रिएट_ॲप एकदाच चालवायचं असतं, दर वेळी नाही. टोकन, म्हणजे स्क्रिप्टला खातं वापरू देणारी किल्ली, घेताना फक्त ‘रीड’ मागितलं असेल तर पोस्ट टाकताना ४०३ (‘परवानगी नाही’) येणारच. अशा वेळी कोड चाळत बसू नका, ‘राइट’सकट नवं टोकन घ्या. पासवर्ड देऊन लॉग इन करायचा जुना रस्ता मॅस्टोडॉनच्या नव्या आवृत्त्यांत बंद आहे, त्यामुळे जुन्या उदाहरणांवर विसंबू नका. आणि टोकनची फाइल गिटमध्ये (कोड साठवून इतरांनाही दाखवता येतो तिथे) जाऊ देऊ नका, हे सांगायला नको. तरी सांगतो.

कुणाला उत्तर द्यायचं तर स्टेटस_रिप्लाय वापरा. साध्या स्टेटस_पोस्टला नुसता आयडी दिला तर उत्तर धाग्यात जातं, पण समोरच्याचं नाव मजकुरात नसल्याने त्याला कळतच नाही. आपोआप उत्तर देणारा बॉट असेल तर समोरचं खातंही बॉट आहे का ते आधी तपासा, नाहीतर दोघे ‘आधी आपण, आधी आपण’ करत रात्रभर बसतील. आपल्या खात्यावरही बॉटची खूण लावा.

तीन पोस्टचं प्रकरण मिटल्यावर पंधरा दिवसांनी काकूंचा पुन्हा फोन. “आज पहाटे चारला पाणी वाढवलं म्हणतात, तुझा तो काल रात्री साडेदहा लिहितोय.” सर्व्हरकडून येणारी वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्याहून साडेपाच तास मागे, म्हणून पहाटेची तारीखसुद्धा आदल्या दिवसाची पडते. पायथनच्या झोनइन्फो या मॉड्यूलमध्ये एशिया/कोलकाता घालून वेळ बदलून घ्या, साडेपाच तास हाताने मिळवत बसू नका. पोस्ट पुढच्या वेळेला लावायची असेल तर शेड्यूल्ड_ॲटला टाइमझोनसकट वेळ द्या, आणि ती निदान पाच मिनिटं पुढची हवी. त्याच्या आतली सर्व्हर घेत नाही.