कोल्हापुरात रॉक बँडचा लाइव्ह अल्बम आणि फिल्म कशी करावी

मिक्सरच्या मेन आउटमधून (जिथून हॉलच्या स्पीकरला आवाज जातो) पेनड्राइव्हवर घेतलेला स्टिरिओ ट्रॅक म्हणजे लाइव्ह अल्बम नव्हे. चार-पाचशे माणसांच्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे अँप मुळातच एवढे दणकून वाजत असतात की साउंडवाला ते स्पीकरमध्ये फारसे सोडत नाही. स्पीकरमधून जातो तो गायकाचा आवाज आणि किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) ठोका. हॉलमध्ये बसलेल्याला सगळं बरोबर ऐकू येतं. पेनड्राइव्हवर मात्र गायक कानाशी ओरडतोय आणि गिटार शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजतेय, असं काहीतरी उरतं. नंतर यात कोणीही काही करू शकत नाही.

म्हणून दोन गोष्टी आधी ठरवा. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होणार, आणि त्या रेकॉर्डिंगकडे बघायला एक स्वतंत्र माणूस असणार. साउंडवाल्यालाच "जरा रेकॉर्डिंगवर पण लक्ष ठेव" सांगितलं, तर शोच्या ऐन गर्दीत तो हॉलच सांभाळणार. ते त्याचं कामच आहे.

तारीख आणि जागा

जून ते सप्टेंबर विसरा. पत्र्याच्या शेडवर पडणारा कोल्हापूरचा पाऊस कुठल्याही प्लगइनने (आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने) निघत नाही. गणपतीच्या आसपास तर चांगली सिस्टीम, जनरेटर आणि माणसं, सगळंच मंडळांकडे गुंतलेलं असतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा. फक्त लग्नाच्या तिथी टाळा, नाहीतर हॉल मिळत नाही आणि मिळालाच तर शेजारच्या लॉनवरची वरात तुमच्या अल्बमवर येते.

भाषणं आणि नाटकं होणारा हॉल मिळत असेल तर मंगल कार्यालयाच्या मागे लागू नका. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन किंवा पडदे आणि गादीच्या खुर्च्या असलेलं कॉलेजचं सभागृह चालेल. कार्यालयात फरशी, सपाट भिंती आणि पत्रा असतो, त्यामुळे स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या खणखणीत ड्रमचा) एक ठोका चार वेळा परत येतो. दुसरा पर्यायच नसेल तर स्टेजच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड मखमली पडदे लावा. मंडपवाल्याकडे ते असतातच. जागा बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर "टर्रर्र" असा आवाज आला तर भिंती एकमेकींशी बोलताहेत, तिथे कापड हवं. पंखे आणि एसी चालू करूनही ऐका. हळू गाण्यात तोच आवाज वर येतो.

उघड्या मैदानावर रात्री १०ची मर्यादा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला त्यातून सवलत आहे, तरी पोलिसांची परवानगी आणि हॉलची स्वतःची वेळ आधी विचारून घ्या. ७ला सुरू करून ९:३०ला संपेल असा सेट बांधा. ९:५५ला घाईने वाजवलेलं शेवटचं गाणं अल्बमवर घाईनेच ऐकू येतं.

दुसऱ्याची गाणी वाजवणार असाल तर स्टेजवर वाजवायचा परवाना वेगळा आणि तेच गाणं चित्राबरोबर जोडून प्रसिद्ध करायची परवानगी वेगळी. दुसरी मिळवणं महाग आणि वेळखाऊ असतं. सोपा मार्ग: कव्हर गाणी शोमध्ये खुशाल वाजवा, फिल्ममध्ये घेऊ नका.

जमलं तर एकाच हॉलमध्ये दोन शो करा, सलग दोन रात्री किंवा दुपार आणि संध्याकाळ. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम १९७२च्या ऑगस्टमध्ये १५, १६ आणि १७ तारखेच्या ओसाका आणि टोकियोतल्या शोंमधून निवडून केला, तोही आठ ट्रॅकच्या मशीनवर. तुमच्या दोन्ही शोंना कपडे तेच, गिटारचे पट्टे तेच, ड्रमची मांडणी तीच. हे पाळलं नाही तर दोन रात्रींची दृश्यं एकत्र कापता येत नाहीत. ड्रमर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवत असेल तर एका रात्रीचं कडवं दुसऱ्या रात्रीच्या गाण्यात बसतं. क्लिक नसेल तर जोडणी अख्ख्या गाण्याचीच होते, आणि अनेक बँडना तेच जास्त शोभतं.

चॅनल

एक्स32 किंवा एम32 हा डिजिटल मिक्सर (कन्सोल) शहरातल्या बऱ्याच साउंडवाल्यांकडे मिळतो. यूएसबीवरून ३२ चॅनल लॅपटॉपमध्ये जातात. पाच जणांचा बँड आणि सोबत हलगी-घुमकं (घुमकं म्हणजे हलगीच्या साथीचं चर्मवाद्य) असेल तर हिशोब असा:

किक २ (आत एक, भोकाशी एक), स्नेअर २, हाय-हॅट १, टॉम ३, ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले माइक) २: एकूण १०.
बास २ (डीआय, म्हणजे वाद्यातून थेट घेतलेली लाइन, आणि अँप), दोन गिटार मिळून ४ (प्रत्येकी माइक आणि डीआय), कीबोर्ड २: १८.
गाणारे ३, हलगी १, घुमकं १: २३.
प्रेक्षक ४, टाइमकोड (आवाज आणि चित्र जुळवण्यासाठीचा वेळेचा सिग्नल) १: २८.

उरलेले चार मोकळे ठेवा. ऐनवेळी कोणीतरी बासरी घेऊन येतोच.

स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची उलट-सुलट दिशा) उलटी करा, नाहीतर वरचा आणि खालचा एकमेकांना खातात आणि स्नेअर कागदासारखा वाजतो. गिटारच्या अँपला एसएम57 माइक जाळीपासून दोन बोटं, शंकूच्या मध्यापासून थोडा बाजूला. मध्यावर ठेवला की आवाज बोचतो. गिटारची डीआय शोमध्ये कोणी ऐकत नाही, पण अँपचा माइक पायाने सरकला तर नंतर तीच लाइन पुन्हा अँपमधून वाजवून वाचता येतं.

हलगीकडे नीट लक्ष द्या. तिचा ठोका स्नेअरपेक्षाही टोकदार असतो आणि साउंडचेकला वादक कधीच पूर्ण ताकदीने वाजवत नाही. माइक वीतभर लांब, किंचित तिरका, आणि गेन (माइकचा आवाज कन्सोलमध्ये किती घ्यायचा ती पातळी) साउंडचेकला योग्य वाटतो त्याहून ६ डीबी कमी. कातडी हलगी असेल तर ती शेकून ताणलेली असते आणि हळूहळू उतरते. हलगीची गाणी सेटमध्ये सलग ठेवा आणि त्याआधीचं गाणं हळू घ्या, म्हणजे वादकाला बाहेर जाऊन शेकायला वेळ मिळतो. जाळ हॉलच्या आत नको, पडद्यांजवळ तर मुळीच नको.

कन्सोलच्या राउटिंगमध्ये कार्ड आउटला (लॅपटॉपकडे जाणाऱ्या वाटेला) थेट इनपुट द्या. मग साउंडवाल्याने शोमध्ये ईक्यू (आवाजाचा पोत बदलणारी बटणं) किंवा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) कितीही हलवले तरी रेकॉर्डिंग कोरं राहतं. गेन मात्र सामायिक असतो. त्याच्याशी आधीच ठरवा: साउंडचेकनंतर गेनला हात नाही, कमी-जास्त करायचं ते फेडरवर. सर्वात मोठ्या ठोक्याला पातळी −१२ ते −१० डीबीच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटमध्ये कमी पातळीने काही बिघडत नाही, फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही.

कन्सोल आणि लॅपटॉप दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर. एक ४४.१वर राहिला की कटकट आवाज येतात किंवा सूर सरकतो. ३२ चॅनल, २४ बिट म्हणजे तासाला साधारण १६.६ जीबी. दोन तासांचे दोन शो ६७ जीबीत बसतात. बाहेरची एसएसडी वापरा, लॅपटॉपचं वायफाय आणि अपडेट बंद करा. कन्सोलमध्ये एसडी कार्डवर रेकॉर्ड करणारं कार्ड असेल तर तिथेही समांतर चालू ठेवा.

प्रेक्षकांचे माइक

अल्बम "लाइव्ह" वाटतो तो यांच्यामुळे, आणि सगळ्यात हेळसांड यांचीच होते. दोन कंडेन्सर माइक स्टेजच्या दोन कोपऱ्यांवर, डोक्याच्या वर, पाठ स्पीकरकडे आणि तोंड लोकांकडे. दुसरे दोन मिक्सरच्या जागेजवळ. आवाज एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. म्हणजे २० मीटरवरच्या माइकमध्ये बँड ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्स करताना ते ट्रॅक तेवढे आधी सरकवा, नाहीतर प्रत्येक स्नेअरला भूत लागतं.

पुढच्या माइकजवळ शिट्टी मारणारा एक जण हमखास असतो. माइक त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, उंच. शो सुरू व्हायच्या आधी भरलेल्या हॉलचा दोन मिनिटांचा गलका आणि नुसत्या टाळ्या स्वतंत्र घ्या. दोन गाण्यांमधले सांधे त्यानेच झाकले जातात.

वीज

साउंड आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर. एलईडी आणि डिमरचा गोंगाट एकाच लाइनवर आला की गिटारमध्ये घुंई बसते. कॅमेऱ्याला कन्सोलमधून आवाज देणार असाल तर दोन्ही एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर घ्या, किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंगची पिन काढणारा भेटेल. त्याला थांबवा, गायकाच्या ओठाला झटका बसतो. कन्सोल आणि लॅपटॉप यूपीएसवर. लाइट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतचे २० सेकंद तेवढ्यावर निघतात.

कॅमेरे

पाच पुरतात. मागे उंचावर एक वाइड, हलवायचाच नाही. त्याच्या शेजारी ७०-२०० लेन्सवर गायक. स्टेजसमोर डावा आणि उजवा. एक हातातला, ड्रमच्या बाजूला. मागचे दोन मिक्सरच्या प्लॅटफॉर्मवर ठेवू नका. लोक नाचायला लागले की फ्रेम थरथरते. वेगळं लाकडी स्टेज, पायांशी वाळूच्या पिशव्या.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सगळे कॅमेरे २५ फ्रेम, शटर १/५०. कोणीतरी २४ किंवा ३० वर ठेवलेला असतोच, प्रत्येकाचा मेनू स्वतः बघा. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा रंग कसा धरतो ते) हाताने एकच, ५६०० केल्विन लावला तरी चालतो. ऑटोवर असेल तर लाल लाइटमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा चेहरा वेगळा. १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी लागतात. कार्डं एकाच वेळी बदलू नका, पाळी लावा. काही जुने कॅमेरे ३० मिनिटांनी आपोआप थांबतात, तसला असेल तर त्याच्यामागे घड्याळ घेऊन माणूस हवा.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या गावात लाइट समजणारी माणसं शोधावी लागत नाहीत. मालिकांवर काम करणाऱ्या एखाद्याला बोलवा. त्याला एवढंच सांगा: गडद निळा आणि लाल चेहऱ्यावर एकटा नको, समोरून २०-३० टक्के पांढरा कायम राहू दे. नुसत्या निळ्यात नाक-डोळे गायब होतात आणि रंग दुरुस्त करूनही परत येत नाहीत. स्ट्रोब कमी, कारण अर्धी फ्रेम पांढरी आणि अर्धी काळी अशी पट्टी येते. धूर नको, पातळ हेझ (हवेत तरंगणारं विरळ धुकं) हवा, तोही शोच्या अर्धा तास आधीपासून.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला सेटलिस्ट चिकटवा. नुसती गाण्यांची नावं नकोत: "दुसऱ्या कडव्यानंतर गिटार सोलो, १६ बार, डावीकडे", "शेवटी ड्रम एकटा". सोलो सुरू झाल्यावर कॅमेरा फिरवायला घेतला की चार बार गेलेच.

टाइमकोडची डबी मिळाली तर प्रत्येक कॅमेऱ्याला लावा. नाहीतर कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवा आणि प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला टाळी घ्या. दोन यंत्रांची घड्याळं एकसारखी चालत नाहीत. २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस) फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. ओठ आणि आवाज सुटतात. म्हणून सिंक अख्ख्या शोचा एकदम करू नका, प्रत्येक गाण्याला नव्याने करा.

शोनंतर

सामान भरायच्या आधी तीन प्रती. एक लॅपटॉपबरोबर, एक दुसऱ्या गाडीत, एक घरी न्यायला बँडच्या माणसाकडे. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

आधी आवाज पूर्ण करा, मग चित्र कापा. मिक्स बदलत राहिला तर एडिट दर वेळी उसवतो. चुकीची दुरुस्ती आधी दुसऱ्या शोमधून करा, तिथे नसेल तरच स्टुडिओत. गायकाची ओळ पुन्हा गायली असेल तर तिथे क्लोजअप लावू नका, हातावर किंवा वाइडवर जा. प्रेक्षकांचा आवाज गाण्यात थोडा, गाणं संपताना वर, बोलण्याच्या वेळी मध्यम. पूर्ण बंद कधीच करू नका, भोक पडल्यासारखं वाटतं.

ट्रॅकची खूण गाण्याच्या पहिल्या स्वरावर टाका. गप्पा आधीच्या ट्रॅकच्या शेवटी जाऊ द्या, म्हणजे एकटं गाणं लावणाऱ्याला आधी अर्धा मिनिट "कसं काय कोल्हापूर" ऐकावं लागत नाही. ट्रॅकमध्ये रिकामी जागा सोडू नका. पातळी −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास, ट्रू पीक (सर्वात उंच टोक) −१ डीबी, फाइल २४ बिट वेव्ह. फिल्मला हाच मिक्स लावा.

अपलोड करण्याआधी प्रेक्षकांचे चारही ट्रॅक हेडफोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. "नाद खुळा" राहू दे. मागच्या माइकजवळ उभ्या असलेल्या दोघांनी तिसऱ्याला दिलेल्या शिव्या, फोनवर सांगितलेले नंबर आणि नावं कापा.