डासांबाबत पालिकेचे नियम: अळी, टाकी आणि नोटीस

डास चावतात म्हणून पालिकेची नोटीस येत नाही, पाण्यात अळी सापडली म्हणून येते. शहरागणिक कलमं आणि दंडाचे आकडे बदलतात, पण गाभा सगळीकडे सारखाच: ज्याच्या ताब्यात जागा, त्याच्याकडे तिथल्या साचलेल्या पाण्याची जबाबदारी. काही शहरांत तर अळी सापडायचीही गरज नसते. अळी होऊ शकेल अशा तऱ्हेने पाणी साचू दिलं, तेवढ्यावरही कारवाई होते.

या नियमांतल्या बहुतेक मुदती एकाच हिशेबावर बसवलेल्या असतात. उबदार हवेत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करायची; पंधरवड्याने केलेली सफाई म्हणजे एक पिढी उडून गेल्यावर केलेली सफाई. हा डास फार लांबही जात नाही, सहसा जन्मल्या जागेपासून ४०० मीटरच्या आतच राहतो. घरात दिवसा डास चावत असतील तर लांबच्या नाल्याला दोष देण्याआधी स्वतःची गच्ची आणि शेजारची बाल्कनी बघा.

घरोघर तपासणीची ही पद्धत जुनी आहे. १९०१ मध्ये क्यूबातल्या हवाना शहरात अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांच्या पथकांनी घरोघरच्या पाण्याच्या टाक्या झाकल्या, साचलेल्या पाण्यावर तेल टाकलं आणि त्याच वर्षात शहरातला पीतज्वर (एडिस डासच पसरवतो तो यलो फीवर) आटोक्यात आला. पाण्यावर तेल टाकायचा प्रकार मात्र आता घरी करू नका. जळकं ऑइल पाण्याची वाट लावतं, आणि वाऱ्याने तवंग फाटला की अळ्या पुन्हा श्वास घेतात.

तपासणी स्वतः करायची तर हातात टॉर्च हवा. पाण्यावर सावली पडली की अळ्या झटकन तळाशी जातात आणि पाणी स्वच्छ आहे असं वाटतं. दोन-तीन मिनिटं न हलता थांबा, श्वासासाठी त्या वर येतातच. डोकं खाली करून तिरपी लोंबकळणारी अळी एडिसची किंवा क्युलेक्सची, म्हणजे घाण पाण्यात वाढणाऱ्या डासाची. पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगणारी अळी अॅनोफिलीसची, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या जातीची. स्वल्पविरामासारखा वळलेला, टुणटुण उड्या मारणारा जीव दिसला तर तो कोष. त्यातून एक-दोन दिवसांत डास बाहेर पडतो. कोष काही खात नाही, त्यामुळे अळीने खाऊन मरायचं बीटीआय हे जिवाणूजन्य औषध त्याच्यावर चालत नाही. तिथे औषधाच्या भरवशावर न राहता पाणी लगेच ओता, तेही गटारात नव्हे, कोरड्या मातीवर.

नुसतं ओतून मात्र भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की उबतात. 'दर आठवड्याला पिंप रिकामं करतो, तरी अळ्या होतात' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. आतली भिंत काठापासून तळापर्यंत खरखरीत ब्रशने घासा, धुऊन पाणी ओता, मगच भरा.

पिंप, बादल्या सगळेच बघतात. निरीक्षकाला अळ्या सापडतात त्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, एसीच्या पाण्याच्या डब्यात, कुंडीखालच्या बशीत, मनी प्लांटच्या बाटलीत, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खोलगट घडीत, पाचोळ्याने तुंबलेल्या पन्हळीत आणि लिफ्टच्या खड्ड्यात. टायर तर डासांचं आवडतं घर. आत पाणी कुठे साचलंय ते दिसत नाही आणि पालथा घातला तरी ते पूर्ण निघत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन भागात एशियन टायगर डास शिरला तो जुन्या टायरांच्या व्यापारातूनच, असं मानलं जातं. टायर छपराखाली ठेवा, नाहीतर काढून टाका.

टाकीचं झाकण हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा ओव्हरफ्लो पाइप, हवेचा पाइप आणि टाकीच्या भिंतीत पाइप शिरतो त्याभोवतीची फट. दोन्ही पाइपांच्या तोंडावर जाळी हवी, छिद्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास. याहून मोठ्या छिद्रातून डास आत शिरतो. लोखंडी जाळी गंजून फाटते, प्लास्टिकची उन्हाने तडकते, म्हणून स्टेनलेस स्टीलची बसवा आणि क्लॅम्पने आवळा. तारेने गुंडाळलेली जाळी टाकी धुताना सरकते आणि मग तशीच राहते. सेप्टिक टँकचा हवेचा पाइप सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. तिथून क्युलेक्स झुंडीने निघतात.

रिकामं करता न येणाऱ्या पाण्यात पालिका अळीनाशक टाकते. टेमेफॉसचे १ टक्क्याचे दाणेदार औषध १० लिटर पाण्याला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम आणि १००० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम पडतं. पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली कमाल मात्रा तीच आहे, तेव्हा 'जरा जास्त टाका' म्हणू नका. अंदाजाने स्वतःही टाकू नका, ते कर्मचाऱ्याला मोजून टाकू द्या. रोज उपसा असलेल्या टाकीत औषध लवकर विरळ होतं. हौदात किंवा कारंज्यात गप्पी मासे चांगले, पण ते ओढ्यात किंवा नैसर्गिक तळ्यात सोडू नका. तिथले मूळचे मासे आणि त्यांची अंडी संपतात.

धूम्रफवारणीवर लोकांचा भरवसा फार. धूर दिसतो, वास येतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण धुराने फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात. अंडी, अळ्या, कोष तसेच राहतात आणि आठवड्यात नवी फौज तयार होते. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करतात, कारण दुपारच्या उन्हात धूर सरळ वर निघून जातो. रस्त्यावरून गाडी जात असेल तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवा, अन्नपाणी झाका, मुलांना धुरामागे धावू देऊ नका. घरात फवारणार असतील तर उलट: खिडक्या बंद, गॅस आणि मेन स्विच बंद, माणसं आणि पाळीव प्राणी बाहेर. औषध ज्या तेलात मिसळलेलं असतं ते पेट घेतं.

निरीक्षक आला की ओळखपत्र बघा आणि त्याच्यासोबत फिरा. अळी सापडली तर पांढऱ्या भांड्यात दाखवायला सांगा. नोटिशीत चार गोष्टी तपासा: नेमकी जागा, काय सापडलं, मुदत आणि फेरतपासणीची तारीख. साधारणपणे घरातलं पाणी राहणाऱ्याच्या नावावर, गच्ची आणि सामायिक टाकी सोसायटीच्या, बांधकामाची जागा विकासकाच्या किंवा ठेकेदाराच्या. नोटीस चुकीच्या नावावर असेल तर मुदतीतच लेखी कळवा. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा फोटो, जाळी-झाकणाचं बिल आणि उत्तराची पोच एकत्र ठेवा.

तक्रार करताना 'डास वाढलेत, धूर मारा' असं लिहिलं तर धूरच येतो. त्यापेक्षा असं लिहा: 'शेजारच्या बंद इमारतीच्या तळघरात आठ दिवस घोटाभर पाणी आहे, अळ्या दिसतात, चावी रखवालदाराकडे आहे.' यावर निरीक्षक पाठवावाच लागतो.

आठवड्याहून जास्त दिवस घर बंद ठेवणार असाल तर फ्लशची टाकी रिकामी करा, कमोडचं झाकण लावून कडेने चिकटपट्टी मारा, न्हाणीघराच्या जाळीवर प्लास्टिक चिकटवा, फ्रिज बंद केल्यास ट्रे पुसा. आणि चावी कुणाकडे आहे ते सोसायटीत सांगून जा. बंद घराची तपासणी राहून गेली की त्याची नोटीस दाराला चिकटते, आणि मुदत तुम्ही परत येण्याआधीच संपलेली असते.