मॉन्टानाच्या घाटात आरव्ही नेताय? या चुका टाळा

अमेरिकेत यलोस्टोन नॅशनल पार्क बघायचं आणि तसंच उत्तरेला मॉन्टाना राज्यातलं ग्लेशियर नॅशनल पार्क गाठायचं, असा आरव्हीचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोटरहोमचा, बेत अनेक जण आखतात. बेत झकास आहे. पण सगळ्यात महागात पडणारी चूक गाडीची किल्ली हातात यायच्या आधीच होते. फोटो बघून रस्ता ठरतो, डोकी मोजून गाडी ठरते, आणि दोघांची मापं एकमेकांशी कोणी ताडून बघत नाही.

ग्लेशियरमधून आरपार जाणारा ‘गोइंग-टू-द-सन रोड’ सुमारे 50 मैलांचा. 1933 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, म्हणजे कड्यात कोरलेला हा रस्ता त्या काळच्या मोटारींच्या बेताचा. अॅव्हलांच कॅम्पग्राऊंड ते रायझिंग सन या मधल्या, म्हणजे खऱ्या घाटाच्या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब किंवा 8 फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. लांबी बंपर धरून, रुंदी आरसे धरून. लोक 21 चा आकडा लक्षात ठेवतात आणि 8 चा विसरतात. कागदावर ‘20 फुटी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच मोटरहोमची नुसती बॉडीच 8 फुटांच्या आसपास असते, आरसे उघडले की हद्द ओलांडली. टेप घ्या आणि स्वतः मोजा. मागे सायकलींचा स्टँड लटकवला असेल तर तोही धरा.

उंचीची गंमत वेगळीच. या रस्त्याच्या माथ्यावरून, म्हणजे लोगन पासहून (6,646 फूट), पश्चिमेला ‘द लूप’ या वळणाकडे उतरताना तुमची लेन कड्याला लागून असते आणि खडक डोक्यावर पुढे आलेले असतात. 10 फुटांहून उंच गाडीला तिथे त्रास होतो.

मग मोठ्या गाडीवाल्यांनी काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: आरव्ही खाली कॅम्पग्राऊंडवर ठेवा आणि वर शटलने, लाल टुरिस्ट बसने किंवा एक दिवस भाड्याच्या छोट्या कारने जा. चालवणाऱ्यालाही दरी बघायला मिळते, हा फायदा आहेच. शटल आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी पार्कची वेबसाइट बघा. आरव्ही पश्चिमेकडून पूर्वेला न्यायची असेल तर दक्षिणेकडून हायवे 2 धरा. तो 5,213 फुटांवरच्या मरायस पासमधून जातो आणि चढ अगदी सौम्य आहे. फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. तुम्ही 30 फुटी धूड चालवताय हे त्याला ठाऊक नसतं, तो सरळ लोगन पासवर पाठवतो.

दुसरा घाट बेअरटूथ हायवेचा, यलोस्टोनच्या ईशान्य दारापासून रेड लॉज गावापर्यंत. इथे आरव्ही जाते, आणि म्हणूनच चुका होतात. माथा 10,947 फुटांवर, आणि तिथून रेड लॉजकडे उतरताना एकामागून एक हेअरपिन वळणं. आपल्याकडे घाटात जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी हातात आली की हे हमखास विसरतं. गाडी ‘डी’मध्ये आणि पाय सतत ब्रेकवर! सामानासकट पाच-सहा टनांची गाडी अशी उतरवली की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं.

भाड्याच्या मोटरहोममध्ये बहुधा ‘टो/हॉल’चं बटण असतं. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत ते गिअरच्या दांड्याच्या टोकाला असतं. उतार सुरू व्हायच्या आधीच ते दाबा. मग ब्रेक मारला की गाडी आपोआप खालचा गिअर घेते, इंजिन घरघरतं. घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं. ब्रेक अधूनमधून ठामपणे मारा आणि सोडा, नुसता पाय टेकवून ठेवू नका.

वास आलाच तर खालचा गिअर टाका आणि पहिल्या टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेला गाडी थांबवायच्या जागेत, थांबा. चाकांना ठोकळे लावा, ब्रेक पूर्ण गार होऊ द्या. वर पाणी मात्र ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. गार झाल्यावरही पेडल मऊच असेल तर गाडी हलवू नका. चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर चालू. गरम होतं, पण इंजिनची उष्णता निघून जाते.

वळणावर आणखी एक. मागच्या चाकांच्या मागे बरीच बॉडी असते. तुम्ही उजवीकडे वळलात की तिचं टोक डावीकडे फिरतं, शेजारच्या लेनमध्ये. आरशात बघत वळा, आणि मागे रांग लागली तर टर्नआउटला थांबून वाट द्या.

आत बसलेल्यांसाठी: निघण्याआधी कपाटांच्या कड्या लावा. उंचीवर चिवड्याची पाकिटं टम्म फुगतात, एखादं फुटलं तर नवल नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत इतक्या उंचीवर विझू शकते, म्हणून दही-दूध आधी संपवा. बेअरटूथचा घाट साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो आणि ऐन उन्हाळ्यातही बर्फ पडून तात्पुरता बंद होतो. सकाळी रस्त्याची स्थिती बघूनच निघा, आणि टाकी खालीच भरून घ्या.