जुनी एक्सपल्स घरच्यांसाठी घेताय? या चुका टाळा

घरातल्या सगळ्यांनी आलटूनपालटून चालवायची मातीतली गाडी म्हटलं की फिरून फिरून गाडी येते ती हिरोच्या एक्सपल्स २०० या मोटरसायकलवर. २०१९ पासूनच्या गाड्या बाजारात आहेत आणि पार्ट सहज मिळतात. मुलासाठी कावासाकीची केएलएक्स ११० घ्या असं कुणीतरी सुचवतंच. गाडी गोड आहे, पण तिचं पासिंग होत नाही. शेतापर्यंत न्यायलाही पिकअप करावा लागतो.

गाडी बघायला जाताना "चालू करून ठेवा" असं सांगू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावायचा. गरम लागलं तर इंजिन थंड असताना स्टार्ट व्हायला कुरकुरणारी गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवलेली असू शकते. ऑइलची झाकणी उघडा. आत दुधाळ चहासारखा रंग दिसला तर पाणी गेलंय, पुढे बोलणीच नकोत.

पण सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नुसतं इंजिन ऐकून गाडी घेणं. मी तेच केलं. इंजिन शिलाई मशीनसारखं, टाकीवर ओरखडा नाही, मालक म्हणे "ऑफिसलाच नेली". घाटातल्या पहिल्याच खडीवर हँडल खटखटायला लागलं. चिखलात चाललेल्या गाडीचं इंजिन बऱ्याचदा ठणठणीत असतं. माती खाते ती बेअरिंगं, बुश आणि सील.

म्हणून पुढचं चाक उचलून बघा. या गाडीला मेन स्टँड नाही, तेव्हा इंजिनखालच्या पत्र्याला लाकडी ठोकळा लावा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेला. पुढच्या शॉकअपचे खालचे पाय धरून मागेपुढे हलवा, टकटक झाली तरी संशय तिथेच. मग मागचं चाक उचला आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा हलवा, हलला तर बुश संपलेत. शेवटी पान्याने चाकाच्या तारा एकेक वाजवा. ताठ तार टणकन वाजते, सैल तार बद्द. दोन-चार सैल असतील तर ताणून घेता येतात, पण रिमच वाकडी असेल तर भाव पाडा.

पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय म्हणून लगेच सील बदलू नका. कधी नुसती माती अडकलेली असते. जुन्या एक्स-रेची पातळ पट्टी सीलखाली गोल फिरवली की ती निघते आणि गळती थांबते. शॉकअपच्या नळीला मात्र गंजाचे बारीक खड्डे पडले असतील तर नवं सीलही महिन्याभरात फाटणार. मेकॅनिक सील बदलत राहतो, आपण पैसे देत राहतो.

मागे माणूस बसणार असेल तर चेन सॉकेट नीट समजून घ्या. या गाडीचा मागचा शॉकअप बराच दबतो. गिअरबॉक्सकडचं सॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्होट (तो जिथे फिरतो तो सांधा) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. उभ्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन दोघं बसल्यावर तारेसारखी ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ येते. दोघांना बसवून, तिसऱ्याने खाली वाकून बघायचं. तेव्हाही थोडी ढिलाई उरलीच पाहिजे.

सीटची उंची ८२३ मिमी. पाच फूट दोन इंचांच्या बायकोला टाच टेकत नाही, म्हणून लोक सीटचा फोम कापून घेतात. मग पुढचा घसरत टाकीवर येतो आणि मागचा तासाभरात उतरायला मागतो. गाडी खाली करणाऱ्या पट्ट्या लावल्या तर २२० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स जातो, शिवाय साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी जवळजवळ सरळ उभी राहून वाऱ्यानेसुद्धा पलीकडे पडते. जाड तळाचे बूट आणि मोकळ्या मैदानात एक पाय टेकून थांबायचा सराव, एवढ्यावर आमच्या घरी काम भागलं.

पहिल्याच आठवड्यात सायलेन्सर बदलणारे तर पायलीला पन्नास. त्या पैशात ब्रेक पॅड, टायर आणि बायकोसाठी गुडघ्याचे गार्ड येतात.

कागदांचं थोडक्यात: चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. गाडीवर कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, मालकी बदलायला २९ आणि ३०. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. पंधरा वर्षांच्या पोराला "गल्लीतच चालवतोय" म्हणून किल्ली देऊ नका. पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला शेतातच शिकवा. चार वर्षांखालचं लेकरू मागे बसवणार असाल तर हार्नेस आणि हेल्मेट सक्तीचं, वेग ४० च्या आत.

ओढ्यात गाडी बंद पडली तर बटण दाबत बसू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ढकला, प्लग काढा, मग स्टार्टर फिरवून पाणी उडवा. एअर फिल्टर ओला असेल तर तोही बदलावा लागेल. आणि पिशवीत २१ इंची ट्यूब ठेवाच, गावच्या पंक्चरवाल्याकडे ती नसते. अडचणीत तीच ट्यूब मागच्या १८ इंची टायरमध्ये कोंबून घरापर्यंत येता येतं.